रविवारचा मराठी व्याकरणवर्ग, सोलापूर: आठ आठवड्यांनंतरचा अभिप्राय

पूर्व भागातील एका वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी सकाळी भरणाऱ्या मराठी व्याकरणाच्या वर्गाला मी आठ आठवडे नेमाने गेलो. घरात तेलुगू, शेजारी कन्नड आणि कामावर मराठी, हे सोलापुरात नेहमीचेच आहे. तरीही चादरींच्या व्यवहाराची पत्रे लिहिताना प्रत्यय लागला की शब्द नेमका कसा बदलतो, या एका प्रश्नापाशी माझा हात हमखास अडत असे.

सामान्यरूपाची, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्दाच्या रूपात होणाऱ्या बदलाची, शिकवणी हे या वर्गाचे खरे बळ आहे. पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर गावाचे नाव लिहिले. 'सोलापूरला', 'सोलापूरहून' यांत मूळ शब्द तसाच राहतो, म्हणून 'पू' दीर्घ. 'सोलापुरात' लिहिताना मात्र 'सोलापुरा' हे सामान्यरूप होते आणि उपान्त्य, म्हणजे मूळ शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरातला, ऊकार ऱ्हस्व होतो. शाळेत पाठ केलेल्या या नियमामागचे कारण मला तेव्हा प्रथमच उमगले. 'देऊळ, देवळात', 'पाऊस, पावसात' असे करत सर तेलुगूकडे वळले: घर म्हणजे 'इल्लु', पण घरात म्हणायचे तर 'इंट्लो', कारण तिथेही प्रत्ययाआधी 'इल्लु'चे 'इंटि' होते. जन्मापासून तोंडात असलेल्या शब्दालाही सामान्यरूप आहे, हे ऐकून मी हरखून गेलो.

कर्मणी प्रयोगही असाच उलगडला. 'त्याने चादर विणली', 'त्याने टॉवेल विणला': विणणारा एकच, पण क्रियापद विणलेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे फिरते. तेलुगूत ते कर्त्याप्रमाणे चालते, म्हणून आमच्याकडे 'आईने भात खाल्ली' असे सहज निघून जाते. सरांनी या चुकीला हसू दिले नाही, तिचे कारण समजावले. याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

आठ विभक्तींच्या तक्त्यावर मात्र दोन रविवार खर्ची पडले, ते मला पटले नाही. संस्कृतच्या साच्यावर बेतलेल्या त्या तक्त्यात 'ला' द्वितीयेतही येतो आणि चतुर्थीतही. मग प्रत्ययावरून विभक्ती ओळखायची कशी, या माझ्या प्रश्नाला 'अर्थावरून' एवढेच उत्तर मिळाले. टिपणांच्या झेरॉक्स प्रतीही पुसट होत्या.

स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना तो तक्ता लागेलच. पत्रे, अर्ज किंवा बातम्या लिहिणाऱ्यांनी, विशेषतः घरी दुसरी भाषा बोलणाऱ्यांनी, सामान्यरूपाचे रविवार अजिबात चुकवू नयेत.