कायमेरा-एक्स : ग्राफिक्स कार्ड जळाल्यानंतरचा अनुभव

एप्रिलमध्ये माझ्या संगणकाचे ग्राफिक्स कार्ड जळाले. ज्या दुकानातून ते घेतले होते, तिथे कार्डावर काळा डाग दिसतो एवढ्या कारणावरून वॉरंटी नाकारण्यात आली. जळालेल्या वस्तूवर डाग नसावा ही अपेक्षा मला अजून उलगडलेली नाही. पुण्यातले घरभाडे भरून शिष्यवृत्तीतून नवे कार्ड घेणे शक्य नव्हते, त्यामुळे तेव्हापासून कायमेरा-एक्स हे रेणूंच्या त्रिमितीय रचना पडद्यावर दाखवणारे सॉफ्टवेअर मी मदरबोर्डवरच्या साध्या ग्राफिक्सवर चालवते.

कार्ड असताना मी सर्व रचना 'सॉफ्ट' प्रकाशात पाहत असे. त्यात रेणूवर ६४ दिशांनी सावल्या टाकल्या जातात. ज्या खाचेत मोजक्याच दिशांचा प्रकाश पोहोचतो ती काळवंडते, आणि औषधाचा रेणू बसण्याजोगी जागा चटकन नजरेत भरते. कार्ड गेल्यावर झिका विषाणूची २०१६ सालची, ३.८ अँगस्ट्रॉमपर्यंतचा (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) बारकावा दाखवणारी रचना उघडली आणि तिचे १८० ई-प्रथिनांचे (विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिनांचे) संपूर्ण कवच याच प्रकाशात फिरवू पाहिले, तर माउस पुढे जाई आणि चित्र मागून रखडत येई. 'सिंपल' प्रकाशात वेग परत आला, पण कवच ताटासारखे सपाट दिसू लागले. पायमॉल या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळावे असे मी जवळजवळ ठरवले होते.

मत बदलले ते 'सिल्हूट' या बटणामुळे. त्यात पडद्यावरील बिंदूंची खोली शेजारच्या बिंदूंशी ताडून पाहिली जाते आणि जिथे ती एकदम बदलते तिथे काळी रेषा उमटते. सावल्यांच्या मानाने हे काम अगदी हलके आहे. रेषा येताच प्रत्येक प्रथिन शेजाऱ्यापासून सुटे दिसू लागले. त्याला 'फ्लॅट' प्रकाशाची जोड दिली की रेणूंची चित्रे काढणारे शास्त्रज्ञ डेव्हिड गुडसेल यांनी २००० सालापासून पीडीबीच्या (प्रथिनांच्या रचनांच्या खुल्या संग्रहाच्या) मासिक सदरासाठी काढलेल्या चित्रांची आठवण होते: सपाट रंग, ठळक कड, छटांचा सोस नाही. प्रबंधाच्या कच्च्या प्रती मी काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये काढते. तिथे सॉफ्ट प्रकाशातील महागडी चित्रे राखाडी डाग होतात, पण रेषांची चित्रे शाबूत राहतात. माझ्या दृष्टीने एवढ्या एका बटणासाठीही हे सॉफ्टवेअर ठेवण्याजोगे आहे.

रेषेला अर्थातच मर्यादा आहे. खाचेचे तोंड ती दाखवते, पण आत उतार कसा आहे ते सांगत नाही. म्हणून अंतिम चित्र जतन करण्यापुरता मी सॉफ्ट प्रकाश लावते आणि तेवढा वेळ थांबते. अर्थात सावली म्हणजे मोजमाप नव्हे, त्यामुळे खाचेची खोली सांगायची असल्यास अणूंमधील अंतर मोजूनच आकडा लिहिते.

त्याच दुकानाने मध्यंतरी जुने कार्ड जमा करून वर पैसे घालण्याची 'सवलत' सुचवली. मी दुसरीकडून रॅम ८ वरून १६ जीबी करून घेतली, कारण संपूर्ण कवच सर्व अणूंसह उघडताना अडचण खरी तिथे येत होती.