दम्याच्या नर्सची पहिली अपॉइंटमेंट : वर्षभराच्या वापरानंतरचं मत

इंग्लंडात जीपीकडे (आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे) दम्यासाठी वेगळी नर्स असते, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. सेवेला चार तारे. पाचवा कापला तो अपॉइंटमेंटच्या मेसेजपायी. त्यात तारीख, वेळ, खोली सगळं येतं. स्पायरोमेट्रीआधी (फुंकून फुप्फुसं तपासायची चाचणी) पंप किती तास बंद ठेवायचा, तेवढं नेमकं गाळलेलं!

एवढ्याशा गोष्टीवर इतकं का चिडायचं? कारण सगळी चाचणी त्यावर उभी आहे. नाकाला चिमटा लावून जोरात फुंकायचं आणि निदान सहा सेकंद फुंकत राहायचं. तीन फुंका नीट झाल्या पाहिजेत, त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन १५० मिलिलिटरच्या फरकात बसल्या पाहिजेत. मग स्पेसरमधून (पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी) साल्बुटामॉलचे, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या निळ्या पंपाचे, ४ पफ, १५ मिनिटं थांबा, पुन्हा फुंका. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरनी वाढली, तर दम्याच्या बाजूने कौल. सकाळीच निळा पंप घेतला असेल तर नळ्या आधीच मोकळ्या, मग फरक दिसणार कुठून? चाचणी फुकट, पुन्हा तारखेसाठी रांग. म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचाराच. साधारणपणे निळा पंप ४ ते ६ तास आणि दिवसातून दोनदा घ्यायचा, जास्त वेळ टिकणारा पंप २४ तास थांबवतात. धाप लागली तर मात्र खुशाल घ्या, चाचणी पुढे ढकलता येते.

फेनो चाचणी (श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजणारी) असेल तर त्या दिवशी पालक-बीट नको, आकडा फुगतो. मोठ्यांमध्ये ५० पीपीबी (अब्जात ५० भाग) किंवा जास्त आला तर दम्याचा संशय पक्का होतो.

नर्स 'पंप घेऊन दाखवा' म्हणते, तेव्हा वाटतं, हे काय शाळेतलं प्रात्यक्षिक! आता माझ्या मते सगळ्या भेटीत कामाचं तेवढंच. भारतात रोटाहेलर वापरलेल्यांना पावडर जोरात, झटक्यात ओढायची सवय असते. गॅसचा पंप तसा ओढला की औषध घशाच्या मागे आदळतं, फुप्फुसात थोडंच पोचतं. तो चार-पाच सेकंद सावकाश ओढायचा, मग दहा सेकंद श्वास रोखायचा. स्पेसरने शिट्टी मारली तर तुम्ही घाई करताय. स्पेसर महिन्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पण पुसू नका. स्थिर वीज तयार होऊन औषध प्लॅस्टिकलाच चिकटतं.

भारतातून आणलेले पंपही पिशवीत टाका. फोराकॉर्ट हे भारतातलं नाव नर्सला कळेलच असं नाही. 'बुडेसोनाइड २००, फॉर्मोटेरॉल ६' वाचून दाखवा. नुसत्या निळ्या पंपावर दिवस ढकलत असाल तर तो बदलण्याची गोष्ट निघेल. नोव्हेंबर २०२४च्या नाइसच्या (उपचार कसे करावेत हे सांगणारी इथली सरकारी संस्था) मार्गदर्शिकेत एकट्या निळ्याला जागाच नाही.

पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकेचा जोर घरी मोजायचं छोटं उपकरण, आधी खेळणं वाटतो. पण सकाळ-संध्याकाळ, पंप घेण्याआधी, तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा दोन आठवडे लिहा. चढउतार २० टक्के किंवा जास्त निघाला तर तोही पुरावा धरतात.

पैशाचं म्हणाल तर दम्याला औषधं माफ नाहीत. दर आयटमला ९.९० पौंड, स्पेसरचे वेगळे. वर्षाला बारा आयटम होत असतील तर ११४.५० पौंडांचं प्रीपेमेंट सर्टिफिकेट (वर्षभराच्या चिठ्ठ्यांचे पैसे एकदाच आगाऊ भरायचे) स्वस्त पडतं, आणि ते पहिली चिठ्ठी फार्मसीत देण्याआधी काढा.