कॉर्व्हेटला ड्राइव्हट्रेन ब्रेस लावायच्या नावाखाली मला कसं लुटलं

न्यू जर्सीत किंवा आजूबाजूला राहणारे आपले जे लोक जुनी कॉर्व्हेट (शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार) बाळगून आहेत किंवा घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी लिहितोय, कारण ज्या गॅरेजने मला फसवलं ते राजरोस चालू आहे आणि हीच थाप ते पुढच्यालाही मारणार. गॅरेजचं नाव इथे टाकत नाही, तक्रार चालू आहे म्हणून.

माझी गाडी 2008 ची सी6, म्हणजे कॉर्व्हेटची सहावी पिढी, मॅन्युअल, 6.2 लिटरचं एलएस3 इंजिन, 430 हॉर्सपॉवर. शनिवार-रविवारी हायवेला आणि अधूनमधून ऑफिसला नेतो, ट्रॅकवर कधी नेली नाही आणि न्यायचीही नाही. हिवाळा संपल्यावर बाहेर काढली तर दीड-दोन हजार आरपीएमला गिअर लिव्हरमध्ये आणि सीटखाली बारीक थरथर जाणवायला लागली, आणि गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये क्लचवरचा पाय काढला की खालून खडखड, क्लच दाबला की बंद. हे लक्षात ठेवा, सगळं प्रकरण यावरच आहे.

गॅरेजवाला म्हणे आम्ही फक्त स्पोर्ट्स कारच करतो. गाडी लिफ्टवर घेतली, टॉर्च मारून दोन मिनिटं बघितलं आणि लगेच मोबाइलवर एक फुटलेल्या डिफरन्शियलचा (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) फोटो दाखवला, तुमची ड्राइव्हट्रेन, म्हणजे इंजिनपासून चाकांपर्यंत ताकद नेणारी यंत्रणा, पिळतेय, ब्रेस (ती हलू नये म्हणून खालून आवळायची धातूची पट्टी) नाही लावलात तर पुढचा नंबर तुमचा, हायवेवर मागचं चाक जाम झालं आणि शेजारी बायको बसलेली असली तर काय कराल. असं बोलल्यावर माणूस हो म्हणणारच, हे त्याला पक्कं माहीत असतं. बिल साधारण चोवीसशे डॉलर, त्यात बिलेट (अखंड ठोकळ्यातून कापलेल्या) अॅल्युमिनियमची ब्रेस, टॉर्क ट्यूब उतरवून तपासणी, आणि एक्झॉस्ट काढा-बसवायची मजुरी. गाडी हातात आली तर थरथर तशीच, वर केबिनमध्ये एक घूंऽऽ असा आवाज नव्याने आलेला. फोन केला तर म्हणतो सेटल व्हायला वेळ लागतो, हजार मैल चालवा.

आता ही गाडी कशी बांधलेली असते ते सांगतो, कारण ते कळलं की असली थाप दोन मिनिटांत पकडता येते. सी5 (1997 ते 2004) आणि सी6 (2005 ते 2013) मध्ये इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे, डिफरन्शियलला चिकटून. दोघांना जोडते ती टॉर्क ट्यूब, म्हणजे जाड नळी आणि तिच्या आत फिरणारा शाफ्ट, शाफ्टच्या दोन्ही टोकांना रबरी कपलिंग आणि आत बेअरिंग. वयाने आणि उष्णतेने हे रबर तडकतं, बेअरिंग वाजायला लागतं. मॅन्युअलमध्ये क्लच पुढे इंजिनपाशी असतो, म्हणून क्लच सोडला की न्यूट्रललाही तो शाफ्ट फिरतो आणि दाबला की थांबतो. मग क्लच दाबल्यावर बंद होणारी खडखड ही टॉर्क ट्यूबमधली किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगची असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि यातलं काहीही बाहेरून लोखंड आवळून जात नाही. ऑटोमॅटिकला ही युक्ती चालत नाही, तिथे क्लचच्या जागी असणारा टॉर्क कन्व्हर्टर मागे असतो आणि शाफ्ट इंजिनबरोबर सतत फिरतो. पण कपलिंग बदलायचं म्हणजे मागचा क्रॅडल (खालची आधाराची चौकट), गिअरबॉक्स, ट्यूब सगळं उतरवायचं, मोठं काम. ब्रेस लावणं त्यामानाने किरकोळ. त्याने किरकोळ काम करून मोठ्या कामाचे पैसे लावले.

हे उघडकीस आणलं एका वयस्कर मेकॅनिकने, एका मित्राने त्यांचं नाव सुचवलं होतं. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे खिशातलं चुंबक ब्रेसला लावलं. टचकन चिकटलं. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही हो, ती साधी लोखंडी पट्टी होती, चंदेरी रंग मारलेली, आणि एका कोपऱ्यात रंगाचा ओघळ तसाच सुकलेला. मग त्यांनी टॉर्क ट्यूबचे बोल्ट दाखवले, फॅक्टरीत मारलेल्या रंगाच्या खुणा बोल्टवरून केसिंगवर सलग, कुठेही तुटलेल्या नाहीत, वर वर्षानुवर्षांची धूळ. म्हणजे बिलात लिहिलेली तपासणी झालीच नव्हती. नंतर ट्यूब खरंच उतरवली तेव्हा मागचं कपलिंग बोल्टच्या भोकाभोवती चिरत गेलेलं, बोटाने दाबलं की चीर उघडायची. दोन्ही कपलिंग आणि बेअरिंग बदलली, ती पट्टी काढून टाकली, थरथर गेली, घूं पण गेलं.

ब्रेस ही वस्तूच भंपक आहे असं मी म्हणत नाही. ड्रॅग स्ट्रिपवर चिकट टायर लावून, क्लच झटक्यात सोडून गाडी उडवणाऱ्यांना मागचा भाग उसळतो, व्हील हॉप होतो म्हणजे चाकं रस्त्यावर टणाटण उड्या मारतात, तेव्हा डिफरन्शियलवर भयंकर धक्के बसतात आणि ते फुटतातही, फोटोतलं तसंच असणार. त्यांना ब्रेस कामाची. रस्त्यावरच्या गाडीला माझ्या मते नको, कारण धातूला धातू आवळला की कंपनं सरळ केबिनमध्ये येतात आणि बदल्यात तुम्हाला रोज जाणवेल असं काही मिळत नाही. व्हील हॉपचाच त्रास असेल तर आधी माउंट (इंजिन-गिअरबॉक्स धरून ठेवणारे रबरी आधार) आणि टायर बघा, या गाड्यांचे मूळचे रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) टायर कडक बाजूंचे असतात, ते बदलून बराच फरक पडतो. आणि टनेल प्लेट वेगळी, ब्रेस वेगळी. टनेल प्लेट म्हणजे टॉर्क ट्यूब ज्यातून जाते तो गाडीच्या मधला बोगदा खालून बंद करणारा पत्रा, तो कंपनीचाच असतो. बिलात दोन्ही नावं एकमेकांत मिसळली असतील तर तिथेच थांबा.

पैशांचं सांगतो. न्यू जर्सीत गॅरेजला कामाआधी लेखी अंदाज देऊन तुमची परवानगी घ्यावी लागते आणि मागितले तर काढलेले जुने पार्ट परत द्यावे लागतात, ते काम सुरू व्हायच्या आधीच मागून ठेवा. मी क्रेडिट कार्डाने पैसे भरले होते. ज्या स्टेटमेंटमध्ये ती रक्कम येते ते पाठवल्यापासून 60 दिवसांच्या आत कार्ड कंपनीला लेखी कळवावं लागतं, नुसता फोन पुरत नाही. चुंबक चिकटलेला फोटो, बोल्टांचे फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिकचं सहीचं पत्र जोडलं, ब्रेसचे पैसे परत आले. खोट्या तपासणीची मजुरी अजून अडकलेली आहे, त्यासाठी राज्याच्या डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सकडे तक्रार टाकली आहे. ती पट्टी पुरावा म्हणून जपून ठेवली आहे. कोणाला त्याच भागातल्या गॅरेजने ब्रेस लावा म्हणून सांगितलं असेल तर पैसे भरायच्या आधी मला मेसेज करा, बोल्टांचे फोटो पाठवतो, जुळवून बघा.