चौकाच्या घरातला पहिला उन्हाळा (महाल, नागपूर)

प्लॉट १८ बाय ६०, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, तोंड पश्चिमेला. आर्किटेक्टबाईंनी मधोमध ६ बाय १० चा उघडा चौक काढला तेव्हा बाबा उखडलेच, "एवढी जागा वाया?" दिवाळीत राहायला आलो. तिन्ही ऋतू काढून आता लिहितोय.

उजेडासाठी चौक पैसावसूल. खालच्या स्वयंपाकघरातही दिवसा दिवा लागत नाही. गारव्यासाठी मात्र घराला वेळापत्रक लागतं. उन्हाळ्यात रात्री जेवणं आटोपली की पुढच्या-मागच्या खिडक्या उघडायच्या. तापलेली हवा चौकातून वर निघून जाते, बाहेरची आत ओढली जाते आणि पहाटेपर्यंत भिंती निवतात. सकाळी आठच्या आत सगळं बंद. एक खिडकी जरी उघडी राहिली तरी झळा आत येतात आणि भिंती ती उष्णता रात्रभर परत करत बसतात. आमच्याकडे हे खातं आईकडे आहे, म्हणून चाललंय.

खरी परीक्षा नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक तापत्या दिवसांत झाली. मेच्या शेवटी नागपुरात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, त्यामुळे ऊन सरळ चौकाच्या तळाशी. शहाबादी फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. शेवटी सिग्नलवर बांधतात तशी हिरवी नेट वर ताणली. नेटने हवा कोंडत नाही, म्हणून काचेच्या छतापेक्षा ती कधीही बरी.

कूलर मागच्या खिडकीत लावलाय. त्याच्या हवेला बाहेर पडायला वाट हवी, ती चौक देतो; एका कूलरवर मागची खोली आणि जेवणघर दोन्ही भागतात. जुलैत मात्र तोच कूलर नुसती चिकचिक करतो, तेव्हा पंखेच.

पश्चिमेला नुसता छज्जा पुरत नाही, चारनंतरचं ऊन तिरपं आत शिरतं. तिथे विटांची जाळी, आणि तिच्यामागे जिना अन् बाथरूम. तापायचं ते त्यांनी तापावं! गच्चीवर पांढरा चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) आहे, तरी वरच्या खोलीचं छत रात्री उशिरापर्यंत कोमटच असतं.

तक्रारी? खाजगी बोलणं विसरा. खाली फोडणी पडली की वर अभ्यासाला बसलेल्या पोराला भाजी कळते. झड लागली की तुषार जेवणाच्या टेबलापर्यंत येतात. डासांसाठी जाळीची दारं नंतर बसवली, त्याचा खर्च वेगळा. आणि चौकाच्या तळाला पाणी जायला चार इंची पाईप दिलाय, तो शेजारच्या कडुनिंबाच्या पाल्याने पहिल्याच पावसात तुंबला. सहा इंचीच मागा.