स्कायरिम, विचर ३ आणि एल्डन रिंग: अनेक महिने खेळल्यानंतरचा अनुभव

ओपन वर्ल्ड प्रकारातला, म्हणजे विस्तीर्ण जगात मनाप्रमाणे फिरू देणारा, फँटसी गेम विकत घेताना नकाशा केवढा आहे आणि ग्राफिक्स कसे आहेत, याचीच चौकशी सर्वाधिक होते. 'स्कायरिम', 'द विचर ३: वाइल्ड हंट' आणि 'एल्डन रिंग' हे तिन्ही गेम गेले कित्येक महिने आलटून पालटून खेळल्यावर मला मात्र त्याहून महत्त्वाचा वाटू लागला आहे तो वेगळाच प्रश्न. पुढे कुठे जायचे हे खेळणाऱ्याला कोण सांगते, पडद्यावरची खूण की समोर दिसणारा मुलूख? तिन्ही गेमची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि त्यांचे बहुतेक गुणदोष मला त्या उत्तरांतूनच निघालेले दिसतात.

बेथेस्डा या कंपनीचा स्कायरिम ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला. त्याची सुरुवात आजही नमुनेदार आहे. रिव्हरवूड गावात पोहोचताना समोरच्या डोंगरावर ब्लीक फॉल्स बॅरोच्या दगडी कमानी दिसतात, आणि गावातल्या दुकानातून चोरीला गेलेला सोन्याचा पंजा त्याच अवशेषांत असल्याचे कळते. पंजा परत मिळाला तरी आतले मोठे दार उघडत नाही, कारण दारावरच्या तीन कड्या फिरवून ठरावीक चित्रे जुळवावी लागतात. तो क्रम कोणीही सांगत नाही. सामानाच्या यादीत जाऊन पंजा उलटा करून पाहिला, तर त्याच्या तळव्यावर अस्वल, पतंग आणि घुबड कोरलेले दिसतात आणि दार उघडते. वस्तू हातात घेऊन नीट पाहणाऱ्याला उत्तर मिळावे, ही रचना मला फार आवडते. दुर्दैवाने पुढच्या बहुसंख्य क्वेस्टमध्ये, म्हणजे पात्रांनी सोपवलेल्या कामगिऱ्यांमध्ये, तिची आठवण राहिलेली नाही. 'अमुक वस्तू आणून दे' एवढेच पात्रे सांगतात आणि बाकीचे काम होकायंत्रावरचा बाण करतो. तो बाण बंद करून खेळावे म्हटले, तर कुठे जायचे हे संवादांतून पुष्कळदा कळतच नाही, म्हणजे लेखनच बाणावर विसंबून झालेले आहे.

तरीही स्कायरिममध्ये राहावेसे वाटते, आणि त्याचे श्रेय तिथल्या दिनक्रमाला आहे. दुकानदार सकाळी दुकान उघडतात, रात्री बंद करतात, खानावळीत बसतात, घरी झोपतात. तलवार चालवल्याने तलवारबाजी वाढते आणि लोहारकाम केल्याने लोहारकाम. अशी १८ कौशल्ये आहेत आणि त्यांतले कोणतेही कधीही हाती घेता येते. या मोकळीकीची किंमतही आहे. विंटरहोल्डच्या जादूविद्यालयाचे प्रमुखपद नाममात्र मंत्र जाणणाऱ्यालाही मिळते, आणि चोरांच्या टोळीचे नेतृत्वही त्याच व्यक्तीकडे असू शकते, तरी जगात कोणाला त्याचे काही वाटत नाही. लढाई साधी आहे, शत्रूवर वार बसला तरी त्याचे वजन जाणवत नाही.

सीडी प्रोजेक्ट रेड या पोलिश कंपनीचा विचर ३ हा १९ मे २०१५ रोजी आला. कथालेखनात इतर दोघे त्याच्या जवळपासही येत नाहीत. व्हेलेन या प्रदेशातल्या ब्लडी बॅरन नावाच्या सरदाराच्या कथेत एक प्रसंग आहे. गर्भपातानंतर विधीविना पुरलेले अर्भक राक्षसी रूप घेऊन उठते, आणि त्याला मारायचे की त्याच्या बापालाच, म्हणजे बॅरनला, ते उचलून घ्यायला लावायचे, हे आपल्याला ठरवावे लागते. दुसरा पर्याय निवडला, तर तो दांडगा, दारूडा, बायकोला मारहाण करणारा माणूस ते विद्रूप मूल छातीशी धरून पावसाळी रात्री गढीकडे चालत जातो, आपण शेजारून चालत ते मूल शांत ठेवायचे असते, आणि अखेर उंबरठ्याशी त्याला नाव देऊन तो पुरतो. कोणता पर्याय बरोबर, हे गेम कुठेही सुचवत नाही, आणि त्या माणसाला माफ करा असेही सांगत नाही. इतक्या प्रौढपणे हाताळलेला प्रसंग मी दुसऱ्या कोणत्याही गेममध्ये पाहिलेला नाही. राक्षस मारण्याची छोटी कंत्राटेही अशीच जिव्हाळ्याने लिहिली आहेत. व्हाइट ऑर्चर्डमधल्या ओस वस्तीत विहिरीपाशी भर दुपारी दिसणारी प्रेतात्मा स्लाव लोककथांतून आली आहे, पण भर दुपारी विहिरीकडे जाऊ नको असे आजीकडून ऐकत वाढलेल्या कोकणातल्या माणसाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही.

या गेमचा सर्वांत दुबळा भाग म्हणजे नकाशा. गावातला सूचनाफलक वाचला की आसपास प्रश्नचिन्हे उमटतात आणि खेळणारा जग पाहण्याऐवजी चिन्हे पुसत बसतो. स्केलिगे बेटांभोवतीच्या समुद्रात तर तस्करांच्या मालाची असंख्य चिन्हे पसरली आहेत. होडी थांबवावी, सायरन नावाच्या उडणाऱ्या राक्षसिणी हुसकावाव्यात, पेटी उघडावी आणि पुन्हा होडीत बसावे, यापलीकडे तिथे काही घडत नाही. डिसेंबर २०२२ च्या अपडेटमध्ये ही चिन्हे झाकणारा नकाशा आणि लढाई नसताना कोपऱ्यातला छोटा नकाशा लपवण्याची सोय आली. दोन्ही पर्याय पहिल्याच दिवशी सुरू करावेत अशी माझी आग्रहाची शिफारस आहे, कारण त्यानंतर व्हेलेनच्या दलदलीतले रस्ते खरोखर रस्ते वाटू लागतात.

फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा एल्डन रिंग २५ फेब्रुवारी २०२२ रोजी आला. विश्रांतीच्या ठिकाणांपासून निघणारी सोनेरी रेषा मुख्य कथेची दिशा सुचवते. बाकी सारे डोळ्यांनी पाहून ठरवायचे. नकाशाचे तुकडेसुद्धा रस्त्याकडेच्या शिलास्तंभांपाशी स्वतः जाऊन मिळवावे लागतात. मिस्टवूडच्या रानात एक दगडी वास्तू आहे, आत लिफ्ट आहे. कोणत्याही पात्राने पाठवलेले नसताना तिच्यावर पाय ठेवला की ती खाली जाऊ लागते, विहिरीला तळ असावा असे वाटते तिथून आणखी खाली जाते, आणि बाहेर पडल्यावर जमिनीच्या पोटात ताऱ्यांनी भरलेले आकाश आणि त्याखालून वाहणारी सिओफ्रा नदी दिसते. प्रश्नचिन्हाच्या मागे लागून तिथे पोहोचलो असतो, तर ते दृश्य निम्म्यानेही भिडले नसते.

इथला मोकळेपणा कामाचाही आहे. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवरचा मार्गिट हा बॉस, म्हणजे वाट अडवणारा बलाढ्य शत्रू, आपला पुन्हा पुन्हा पराभव करत असेल, तर त्याच्यापाशी अडून राहावे लागत नाही. दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला हे द्वीपकल्प पडलेले आहे; तिथे फिरून, लेव्हल वाढवून, शस्त्र सुधारून परत यावे. गेमची काठिण्यपातळी बदलण्याचा पर्याय सेटिंगमध्ये नाही, तो भूगोलात आहे. मात्र भुयारी थडगी लवकरच एकसारखी वाटू लागतात आणि बॉस पुन्हा वापरलेले दिसतात. मोठी तक्रार पात्रांच्या कथांबद्दल आहे. ती न सांगता ठिकाण बदलतात, क्वेस्टची नोंदवही नाही, आणि काही आठवड्यांचा खंड पडला तर कोणी काय सांगितले होते हे आठवणे अशक्य होते. मी कागदावर टिपणे ठेवतो, आणि ती ठेवावीत असेच सुचवेन.

घरच्या कामांमधून वेळ काढून खेळणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक फरक मोठा आहे. स्कायरिम आणि विचर मध्येच थांबवता येतात आणि लढाईबाहेर हवे तेव्हा सेव्ह करता येतात. एल्डन रिंगमध्ये नेहमीसारखी पॉजची सोय नाही, मेनू उघडला तरी शत्रू मारतच राहतो. मराठी सबटायटल्स तिन्हींत नाहीत. विचरमध्ये पत्रे, वह्या आणि संवाद एवढे आहेत की इंग्रजी वाचनाचा कंटाळा असणाऱ्याने तो घेऊ नये.

मुलूख पायाखाली घालण्याची ओढ असेल तर माझी पसंती निःसंशय एल्डन रिंगला आहे, आणि जुना लॅपटॉप असेल तर स्कायरिमला. विचर घ्यायचा झाल्यास दोन्ही विस्तार, म्हणजे मूळ गेमनंतर आलेले जोडभाग, असलेली कम्प्लीट एडिशनच घ्यावी, कारण २०१६ मध्ये आलेल्या 'ब्लड अँड वाइन' या विस्तारातला तूसाँ हा द्राक्षमळ्यांचा प्रदेश मूळ गेमच्या कोणत्याही भागापेक्षा अधिक आटोपशीर आणि अधिक काळजीने रचलेला आहे.