५५ हजारांचा गेमिंग पीसी: अकोल्यात ११ महिने वापरल्यानंतर

नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळी उरकल्यावर, मी मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले आणि घरी पीसी जोडला. मॉनिटर सोडून ५४,५०० रुपये लागले. तेव्हापासून तो रोज चालू आहे. दिवसा माझं घरांच्या नकाशांचं आणि थ्रीडीचं काम, संध्याकाळी धाकट्या भावाचं व्हॅलोरंट, रात्री जेवणं आटोपली की माझे गेम. हे लिहिते आहे ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधे अकोल्याचा एक अख्खा उन्हाळा गेला, म्हणून आत्ता लिहायला बसले. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर सगळंच छान वाटत होतं.

या बजेटमध्ये पहिला प्रश्न ग्राफिक्स कार्डाला किती द्यायचे हाच असतो. मी २०,६०० दिले आणि रेडिऑन आरएक्स ६६०० घेतलं. ८ जीबी मेमरी, १३२ वॅट, ८ पिनची एकच केबल. साधारण तेवढ्यातच आरटीएक्स ३०५० मिळत होतं आणि दुकानदार तेच पुढे करत होता, कारण गिऱ्हाईक आरटीएक्स हे नाव विचारतच आत येतं. पण १०८०पी (फुल एचडी) वर ६६०० त्याच्या पुढे आहे, हे मी आधीच तपासून गेले होते. खरं तर मला ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरसाठी १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० फार हवं होतं. ते पाच हजारांनी वर जात होतं आणि ते पाच हजार एसएमपीएस (वीजपुरवठ्याचं युनिट) आणि रॅममधून काढावे लागले असते. तिथे मी हात आवरला.

दादरच्या मामेभावाने ओळखीतलं जुनं आरएक्स ५८० सुचवलं होतं, सात हजारांत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ते कमावण्यासाठी कार्डं सतत राबवणं) बंद पडल्यावर अशी कार्डं बाजारात ढिगाने आली, आणि त्यातली कोणती रात्रंदिवस राबलेली आहेत हे बाहेरून ओळखता येत नाही. त्यात ५८० च्याच नावाखाली २०४८एसपी म्हणून एक कमी ताकदीचा प्रकार विकला जातो. खऱ्या ५८० मध्ये २३०४ कोअर असतात, यात २०४८. जुनं घेणाऱ्याने हा आकडा स्वतः सॉफ्टवेअरमध्ये बघूनच पैसे द्यावेत.

प्रोसेसर रायझन ५ ५६००, ११,८०० रुपये. सहा कोअर, बारा थ्रेड, खोक्यातच कूलर. नुसतं खेळायचं असतं तर आय३-१२१००एफ घेऊन तीनेक हजार वाचवले असते. चार कोअर भावाच्या गेमना पुरतात, माझ्या रेंडरला (थ्रीडी मॉडेलवरून चित्र तयार करायला) नाही. ५६००जी मध्ये आतलंच ग्राफिक्स मिळतं, पण त्याची कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, ५६०० ची ३२. वेगळं कार्ड घेणारच आहोत तर ५६००, असा मी हिशेब केला. या निवडीचा एक तोटा जूनमध्ये कळला, तो पुढे सांगते.

मदरबोर्ड बी४५० चा, ६,३०० चा. बी५५० साठी आणखी २,७०० मोजावे लागत होते. ६६०० आठच लेन (कार्ड आणि बोर्डामधल्या माहितीच्या वाटा) वापरतं आणि बी४५० वर त्या जेन ३ या जुन्या पिढीच्या वेगाने चालतात, त्यामुळे कागदावर थोडं नुकसान आहे. खेळताना मला ते एकदाही जाणवलं नाही. आरएक्स ६५०० एक्सटी घेणाऱ्याने मात्र असा बोर्ड घेऊ नये. त्या कार्डाला लेन चार आणि मेमरीही चारच जीबी, जेन ३ वर ते अक्षरशः गुदमरतं. बोर्डाच्या खोक्यावर ‘रायझन ५००० डेस्कटॉप रेडी’ हा स्टिकर आहे ना, एवढं मी नीट बघून घेतलं. तो नसेल तर जुन्या बायोसवर (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरवर) नवा प्रोसेसर ओळखला जात नाही आणि अपडेटसाठी कुणाचा तरी जुना प्रोसेसर उसना आणत फिरावं लागतं.

रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या, ३,५०० रुपये. “आत्ता एकच १६ ची घ्या, पुढे दुसरी लावा” असा सल्ला मला दोन दुकानांत मिळाला. तो ऐकू नका. दोन पट्ट्यांनी मेमरीचे दोन रस्ते उघडतात, आणि रायझनवर गेम खेळताना तो फरक चांगलाच दिसतो. १ टीबीचा एनव्हीएमई एसएसडी ४,६०० चा. ५५० वॅटचा ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस ४,४०० चा. दुकानदार कॅबिनेटसोबत एसएमपीएस ‘फ्री’ देत होता. त्यावर वॅटचा आकडा मोठा होता, पण दर्जाचा शिक्का कुठेच नव्हता. मी नको म्हटलं. ११ महिन्यांनंतरही यादीतला सर्वांत शहाणपणाचा खर्च कोणता विचाराल तर मी एसएमपीएसच सांगेन.

उरले ३,३०० रुपये कॅबिनेटला. समोर सबंध काच, आत रंगीत दिव्यांचे तीन पंखे. व्हिडिओ कॉलवर भाऊ म्हणाला, “ताई, हाच घे.” मलाही आवडला होता. चूक झाली ती इथे.

जोडायला एक रविवार गेला. सुरू झाल्यावर दोन सेटिंग बदलणं अत्यंत गरजेचं आहे, आणि ते न करता वर्ष-वर्ष पीसी वापरणारी माणसं मी पाहिली आहेत. रॅम ३२०० ची असली तरी बायोसमध्ये एक्सएमपी हे वेगाचं सेटिंग चालू करेपर्यंत ती कमी वेगाने चालते. माझी २४०० वर चालत होती. आणि १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा, मॉनिटर विंडोजने ६० वरच धरला होता, डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हाताने १४४ करावा लागला. मॉनिटरला १०,८०० गेले होते, ते त्या क्षणी वसूल झाले. विंडोज ११ वर व्हॅलोरंट चालायला टीपीएम आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची सेटिंग लागतात, तीही बायोसमध्येच चालू करायची असतात. भाऊ तासभर गेम पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसला होता, तेव्हा हे समजलं.

एप्रिलपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. मग ऊन आलं. मे २०२४ च्या शेवटी अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला आणि उष्णतेमुळे जिल्ह्यात कलम १४४ लावलं गेलं. आमची खोली वरच्या मजल्यावर, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरालाही गरम. हिवाळ्यात खेळताना कार्डाचं हॉटस्पॉट (सर्वांत तापणाऱ्या बिंदूचं) तापमान ८२ असायचं, ते आता १०२. प्रोसेसर ८९ ला टेकला, आणि ५६०० ची मर्यादा ९० आहे. पंखे असे ओरडायचे की आई खालून विचारायची, मिक्सर चालू आहे का. गेम मधेच अडखळायला लागले. कार्डात काही बिघडलं, असंच मला वाटलं.

मग मी समोरची काच काढून ठेवली आणि तोच गेम अर्धा तास खेळले. हॉटस्पॉट १०२ वरून ९१. कार्ड ठणठणीत होतं, त्याला हवाच मिळत नव्हती. काचेच्या कडेला बोटभर फट होती, तीन पंखे तेवढ्यातून काय ओढणार? ही परीक्षा कुणालाही घरी करता येते. पुढचं किंवा बाजूचं पॅनल काढल्यावर तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं, तर दोष कॅबिनेटचा. मी समोर जाळी असलेलं दुसरं कॅबिनेट मागवलं, ३,२०० रुपये, आणि पुन्हा एक रविवार घालवला. शिवाय ड्रायव्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचं व्होल्टेज थोडं उतरवलं आणि फ्रेम्स (सेकंदाला तयार होणारी चित्रं) १४० वर बांधल्या. मॉनिटरच १४४ चा आहे, तर २५० फ्रेम्स काढून खोली तापवण्यात अर्थ नाही. इतकं केल्यावर तशाच उकाड्यात हॉटस्पॉट ८३-८४ वर थांबलं.

विदर्भातल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट. आपल्याकडे खोलीत कूलर असतो, आणि पीसीला गार हवा मिळावी म्हणून तो कूलरच्या झोतात ठेवायचा मोह होतो. मी आठवडाभर ठेवला. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी कूलरमध्ये, त्याचे बारीक तुषार हवेत. आठवड्याने जाळीवर बोट फिरवलं तर पांढरट थर आला. ते मीठ बोर्डावर बसलं असतं तर? पीसी उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, जमिनीपासून फूटभर वर ठेवला, आणि कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवायला लागले. महिन्यातून एकदा ब्लोअरने धूळ काढते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर पंखा भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग जातं.

विजेचंही सांगते. सुरुवातीला कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बारीक झिणझिण्या यायच्या. वायरमनला बोलावलं तर भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाच्या तीन पिनांपैकी अर्थिंगची वायर कुठेच जोडलेली नव्हती. जुन्या घरात हे सर्रास असतं. बाबांनी अंगणात खड्डा करून मीठ-कोळशाचं नवं अर्थिंग करून घेतलं. पीसीवर एवढा खर्च करणाऱ्याने हे आधी तपासावं, मी नंतर तपासलं. यूपीएस जुनाच होता, ६०० व्हीएचा, म्हणजे ३६० वॅट. खेळताना मॉनिटरसकट आमचा लोड २६० च्या आसपास जातो, त्यामुळे तो पुरायला हवा होता. पण वीज गेली की पीसी बंद पडायचा. आतली १२ व्होल्ट ७ एएच ची बॅटरी दमली होती. ती बदलल्यापासून गेम सेव्ह करून बंद करण्यापुरती चार मिनिटं मिळतात. बिलाचं म्हणाल तर रोज तीन तास खेळण्याचेच महिन्याला २४-२५ युनिट. बाबांनी मीटरवर दोन महिने लक्ष ठेवून खात्री करून घेतली आहे.

आता तो जूनमधला तोटा. कार्डाचा एक पंखा खडखडायला लागला, कार्ड वॉरंटीत सर्व्हिस सेंटरला पाठवलं, आणि परत यायला १९ दिवस लागले. बिल आणि खोकं जपून ठेवलं होतं म्हणून निदान वाद झाला नाही. पण ५६०० ला आतलं ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्डाविना पडद्यावर काहीच दिसत नाही. माझं कामही अडलं. शेवटी मैत्रिणीकडून जुनं जीटी ७१० आणून नकाशे पूर्ण केले. पीसीवर ज्यांचं पोट आहे त्यांनी असं एखादं हजार-दीड हजाराचं जुनं कार्ड कपाटात ठेवावंच.

आता गेम कसे चालतात ते. १०८०पी वर सायबरपंक २०७७ हाय सेटिंगला, रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारं तंत्र) बंद ठेवून, ६० ते ७० फ्रेम्स. फोर्झा होरायझन ५ नव्वदच्या पुढे. एल्डन रिंग मुळातच ६० ला बांधलेला आहे, तो तिथे स्थिर राहतो, आणि मला तोच सर्वांत प्रिय. व्हॅलोरंटला हे कार्ड गरजेपेक्षा जास्तच आहे. रे ट्रेसिंग या कार्डाचा प्रांत नाही, ते लावलं की फ्रेम्स निम्म्याच्या खाली येतात. काही नव्या गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचे बारकावे) अल्ट्रावर नेले की ८ जीबी भरतात आणि झटके बसतात. एक पायरी खाली आणलं की थांबतात, आणि चित्रात फरक शोधूनच दिसतो.

ब्लेंडरमध्ये मात्र आरटीएक्स ३०६० न घेतल्याचं अजून जाणवतं. त्यातल्या सायकल्स या इंजिनचा रेंडर एनव्हीडियाच्या आरटीएक्स कार्डांवर बराच लवकर उरकतो. मी मोठे रेंडर रात्री लावून झोपते. ज्यांचं मुख्य काम रेंडरचंच आहे त्यांनी चार महिने थांबून पैसे जमवावेत आणि ३०६० घ्यावं, असं मी आता सांगेन. खेळ आधी आणि काम नंतर असेल, तर ६६०० वर आजही माझं मत ठाम आहे.

पुन्हा घ्यायचं झालं तर यादीत कॅबिनेट तेवढं बदलेन. ते ३,३०० वाया गेले, आणि तेवढ्याच पैशांत पहिल्याच दिवशी जाळीचं आलं असतं. बी४५० चा मला पश्चात्ताप नाही, उलट समाधान आहे: त्यावरचं एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) २०१६ पासूनचं, तरी जानेवारी २०२४ मध्ये त्यावर ५७००एक्स३डी हा नवा प्रोसेसर आला आणि बायोस अपडेट केलं की माझ्या बोर्डावर तो बसतो. तो दोन वर्षांनी बघू. सध्या अडचण जागेची आहे. १ टीबी भरत आली, आणि या बोर्डावर एनव्हीएमई एसएसडी लावायचा एम.२ चा स्लॉट एकच, त्यामुळे या दिवाळीला साटाचा (केबलने जोडायचा) १ टीबी एसएसडी घेतेय. भावाचे गेम त्यावर जातील, माझ्या फाइली आहेत तिथेच राहतील.