उन्हाळ कांद्याचं उळं, म्हणजे बी: वाण चोख, लॉट शिळा (कांदा साठवणीच्या चाळीत चार महिने ठेवल्यानंतरचा अनुभव)

वाणाबद्दल वेगळं सांगायला नको. फिकट लाल, गोल, टिकाऊ, निफाड-चांदवडला सगळे लावतात. कंपनीचं नाव घेत नाही. एकाच दुकानातून, एकाच भावाने, एकाच वाणाची दोन लॉटची पाकिटं घेतली होती. ऑक्टोबरात शेजारशेजारच्या गादीवाफ्यांवर उळं टाकलं. पाणी तेच, बियाला चोळलेलं थायरम हे बुरशीनाशकही तेच.

एक वाफा हिरवागार झाला. दुसऱ्यात मात्र मधेमधे नुसती माती. तिसरा आठवडा लागला तरी काही रोपं वाकलेलीच, टोकाला बियाचं काळं टरफल अडकलेलं. दुकानदार म्हणाला, "पाणी जास्त झालं, मर (रोपं कुजवणारा रोग) लागली असेल." मग शेजारच्या वाफ्याला का नाही लागली? उरलेल्या उळ्यातले शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवले. बाराव्या दिवशी एकाचे 84 उगवले, दुसऱ्याचे 52. कांद्याला किमान उगवण 70 टक्के हवी. दोन्ही पाकिटांवर तेवढी छापलेलीच होती.

खरी मेख तारखेत आहे. चांगल्या लॉटची चाचणी जूनमधली, खराबची जानेवारीतली. चाचणीपासून नऊ महिने मुदत, म्हणून ऐन सप्टेंबरातही ते पाकीट कायद्याने विकता येत होतं. पण आपल्याकडे डोंगळ्यांचं, म्हणजे बियासाठी फुलोऱ्यावर आणलेल्या कांद्यांचं, बी एप्रिल-मे महिन्यात निघतं. जानेवारीत तपासलेलं उळं म्हणजे आदल्या उन्हाळ्यातलं, दोन पावसाळे खाल्लेलं. कांद्याचं बी साध्या हवेत जेमतेम वर्षभर टिकतं. ओलावा एक टक्क्याने उतरवला की बियाण्याचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं, वाढला की निम्मं. पाकिटावर लॉट नंबर, शुद्धता, किंमत, सगळं आहे. काढणीचा महिना तेवढा कुठेच नाही. तो छापायला शाईचा कितीसा खर्च येतो?

तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली, तेव्हा कुठे दुकानदाराने पाकीट बदलून दिलं. तोवर हंगाम पुढे गेला होता. रोप विकत घ्यावं लागलं, तेही उळ्याच्या कितीतरी पट पैसे मोजून. ते पैसे कोणी भरून दिले नाहीत.

डिसेंबरात ठरवलं होतं, हा वाण परत शेतात नको. एप्रिलच्या काढणीने मत फिरवलं. खराब लॉटची जी रोपं तगली, त्यांचा रंग, गोलाई, पातळ मान अगदी दुसऱ्या लॉटसारखी. डेंगळेही, म्हणजे थंडीने कांद्याला आलेले फुलांचे दांडे, दोन्हीकडे सारखेच तुरळक. थंडी दोघांनी एकच सोसली होती. जोड कांद्याचंही तेच. म्हणजे जे आईबापाकडून आलं ते शाबूत होतं. फरक आकारात पडला, कारण मागून उगवलेल्या रोपांची गोल्टीच (बारीक कांदा) झाली. चाळीत आज चार महिन्यांनीही दोन्ही ढीग सारखेच टणक आहेत. टिकाऊपणाला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

बियाण्याची ताकद मात्र नुसती वाणावर ठरत नाही. डोंगळ्याच्या एका गोंड्यातली (फुलांच्या गुच्छातली) फुलं दोन-तीन आठवडे उमलत राहतात, त्यामुळे बी एकदम पिकत नाही. सगळे गोंडे एकाच दिवशी खुडले की त्यात कच्चं बी येतंच. फुलाचे पराग आधी झडतात आणि त्याचं स्त्रीकेसर नंतर तयार होतं, म्हणून मधमाशी लागतेच. फुलोऱ्यात कीटकनाशक मारलं किंवा मार्चचं ऊन तापलं की दाणे भरत नाहीत. शेजारी दुसऱ्या वाणाचे डोंगळे असले तर जातही बिघडते. प्रमाणित बियाण्याला त्यासाठीच 500 मीटर अंतर राखावं लागतं. यातलं काहीही गिऱ्हाइकाला पाकिटावरून कळत नाही, म्हणून निदान महिना तरी छापा.

सप्टेंबरात हाच वाण घेणार आहे. चाचणी मे महिन्यानंतरची असेल तरच, नाहीतर निम्म्या भावातही नको. तुम्हीही बिल, लेबल आणि मूठभर उळं काढणीपर्यंत सांभाळून ठेवा. तक्रार केली की कृषी अधिकारी आधी तेच मागतात.